महामारीत अकाली गेलेल्या माणसाचा हिशोब मांडायचा कसा?

कोरापान

मजकूर थोडा लांबलाय, सांभाळून घ्या.

२०२१ साली माझा मोठा भाऊ कोविडच्या महामारीत गेला. वय ४३. मोटर रिवाइंडिंगचं (जळलेल्या मोटरींत नवी तांब्याची तार गुंडाळायचं) छोटं वर्कशॉप होतं त्याचं, हाताखाली दोन मुलं. घरी वहिनी आणि दोन मुली. थोरली तेव्हा नववीत होती, धाकटी चौथीत.

तो गेल्यावर जे जे कागद भरावे लागले त्या सगळ्यांवर एक रकाना होता, "वार्षिक उत्पन्न". वहिनी म्हणाली, "भावजी, जे खरं आहे तेच लिहा." मी लिहिलं. आधीचं वर्ष टाळेबंदीत गेलेलं, त्यामुळे आकडा अगदीच लहान आला. तो लिहिताना पेन जड झालं हातात. दादाचं सगळ्यांत वाईट वर्ष हेच त्याचं माप ठरलं.

हल्ली या विषयावर जमेल तसं वाचतोय. डेव्हिड कटलर आणि लॉरेन्स समर्स या दोन अर्थतज्ज्ञांनी ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेपुरता अंदाज मांडला होता. महामारीची एकूण किंमत १६ लाख कोटी डॉलर, त्यातले ४.४ लाख कोटी अकाली मृत्यूंचे. एका मृत्यूमागे त्यांनी ७० लाख डॉलर धरले आहेत. एकीकडे आमच्या कागदावरचा तो आकडा आणि दुसरीकडे हा. दोन्ही "माणूस गेल्याचं नुकसान" म्हणूनच मांडलेले.

हे ७० लाख आले कुठून? कमाईवरून मोजणं बरोबर की ही पद्धत बरोबर? आणि दोन्हींतून निसटतं ते काय? खरंच समजून घ्यायचंय. तसं मोजून दादा परत येणार नाही हे मला ठाऊक आहे, तेवढं कृपया कुणी सांगू नका.

मेधा_त

वाचतेय. तुमच्या वहिनींना आणि मुलींना खूप खूप बळ मिळो. जाणकार लिहितीलच.

हिशेबनीस

आयुर्विम्याच्या गणितात २२ वर्षं काढली आहेत, म्हणून पहिल्या भागाबद्दल लिहितो.

कमाईवरून मोजण्याची पद्धत फार जुनी. सतराव्या शतकात विल्यम पेटी या इंग्रज गृहस्थाने देशातल्या माणसांची सरासरी किंमत ६९ पौंड काढली होती. त्याचं म्हणणं साधं होतं: प्लेगमध्ये इतकी माणसं जातात, तर त्यांना वाचवायला केलेला खर्च राज्याला परवडतो. पुढे १८५३ मध्ये विल्यम फार या आकडेशास्त्रज्ञाने ती नीट बांधली. माणूस उरलेल्या आयुष्यात किती कमावेल, त्यातून स्वतःवर किती खर्च करेल, हे वजा करून उरतं ते आजच्या किमतीत आणायचं. विम्यात आम्ही 'मानवी जीवनमूल्य' म्हणतो ते हेच. विसाव्या शतकात सॉलोमन ह्युबनर यांनी ते विम्यात रुजवलं.

यात सगळ्यांत मोठी कात्री लावतो तो वटावाचा दर, म्हणजे पुढे मिळणाऱ्या पैशाची आजची किंमत काढताना दर वर्षामागे धरलेली घट. तुमचे दादा ६०पर्यंत काम करते असं धरलं तर १७ वर्षं. सतराव्या वर्षी मिळाले असते ते १०० रुपये आज किती? ५ टक्क्यांनी वटवले तर सुमारे ४४. ३ टक्क्यांनी वटवले तर सुमारे ६०. माणूस तोच, वर्षं तीच, आणि टेबलापलीकडच्याने कोणता दर घेतला यावर शेवटच्या वर्षाच्या किमतीत एवढा फरक पडतो.

दुसरं म्हणजे एकाच वर्षाचं उत्पन्न धरणं ही चूकच. निदान तीन वर्षांची सरासरी हवी आणि त्यात महामारीचं वर्ष नको. शक्य असेल तर आधीच्या वर्षांचे कागद जोडून फेरविचाराचा अर्ज करून पाहा, कुठे विचारायचं ते मी व्यनि (खाजगी निरोप) करतो.

वारूळ

हिशेबनीस, छान समजावलंत. पण या सूत्रात माझी आई बसवून बघा. ७१ वर्षांची होती. पेन्शन नाही, कमाई नाही. फार साहेबांच्या वजाबाकीने उत्तर शून्याच्या खाली येतं! म्हणजे ती गेली तेव्हा अर्थव्यवस्थेचा फायदा झाला?

तिचं काम लिहितो. सकाळी साडेपाचला उठून बाबांना इन्शुलिन. सातला माझ्या मुलाला शाळेसाठी तयार करणं, दुपारी त्याला घरी घेणं. संध्याकाळी शेजारच्या दोन मुलांसकट अभ्यास. ती गेल्यावर माझ्या बायकोने नोकरी सोडली, कारण हे सगळं करायला माणूसच नव्हतं. आता बायकोचा गेलेला पगार कुणाच्या खात्यावर लिहायचा? तो लिहिला जातो "स्वेच्छेने राजीनामा" म्हणून.

सांजसावल्या

वारूळ +१००. घरातल्या बिनपगारी कामाची राष्ट्रीय उत्पन्नात नोंदच होत नाही, तर ते काम करणारं माणूस गेल्याची नोंद कुठून होणार! मॅरिलिन वॉरिंग यांनी १९८८ मध्ये यावर पुस्तकच लिहिलं, पण रकाना अजून तिथेच आहे.

आता ७० लाखांबद्दल. हे समजलं की पुष्कळ गैरसमज जातात, म्हणून सावकाश लिहिते.

१९६८ मध्ये थॉमस शेलिंग यांनी प्रश्नच फिरवला (पुढे २००५ मध्ये त्यांना नोबेल मिळालं). माणसाची किंमत विचारू नका, म्हणाले, धोका कमी करायला लोक किती द्यायला तयार आहेत ते विचारा. समजा १ लाख लोकांच्या गावात यंदा एक मृत्यू होणार आहे, कुणाचा ते माहीत नाही. तो टाळण्यासाठी प्रत्येकजण ७० डॉलर द्यायला तयार आहे. १ लाख गुणिले ७० म्हणजे ७० लाख. हे झालं 'सांख्यिकीय जीवनाचं मूल्य'. प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा पगारांवरून काढतात: धोकादायक कामाला माणूस जास्तीची किती मजुरी मागतो.

कटलर-समर्स यांनी ६ लाख २५ हजार मृत्यू धरले. त्याला ७० लाखांनी गुणा, ४.४ लाख कोटी येतात. गणित एवढंच. मे २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मृत्यूंनी १० लाखांचा आकडा ओलांडला, म्हणजे त्यांचा अंदाजही तोकडा पडला.

तर कोरापान, तो आकडा तुमच्या दादांचा नाही, तसा तो कुणाचाच नाही. धोका अजून अंगावर यायचा असतो तेव्हाचा तो आकडा आहे. आधी किती खर्च करणं रास्त होतं, हे तो सांगतो. मागे राहिलेल्यांचं काय तुटलं, हे विचारलंत तर त्याच्याकडे उत्तर नाही.

कोरापान

सांजसावल्या, मनापासून आभार. "आधी किती खर्च करणं रास्त होतं" हे वाचून बराच वेळ नुसता बसून होतो. आमच्याकडे ऑक्सिजनसाठी ११ तास गेले होते.

तिसरा_डोळा

माझं मत वेगळं आहे, राग मानू नये. कोरापान यांच्या भावाचं वय ४३, ते नुकसान उघड आहे. पण एकूण मृत्यूंत वयस्कर आणि आधीपासून आजारी असलेलेच जास्त होते. त्यातले बरेचजण वर्ष-दोन वर्षांत गेलेच असते. मग अकाली मृत्यूंची किंमत एवढी फुगवून सांगायची आणि टाळेबंदीमुळे ज्यांचे धंदे बुडाले त्यांना बाजूला सारायचं, हे मला पटत नाही. माझ्या सासऱ्यांचा छापखाना त्यात कायमचा बंद पडला. ते मरण कुणी मोजलं नाही.

सांजसावल्या

तिसरा_डोळा, छापखान्याचं वाचून वाईट वाटलं. ते नुकसान खरंच आहे, आणि कटलर-समर्स यांच्या १६ लाख कोटींत बुडालेल्या उत्पन्नाचा वाटा मृत्यूंहून मोठाच आहे, ७.६ लाख कोटी. कुणी बाजूला सारलेला नाही.

पण "गेलेच असते" हे मोजून पाहिलं गेलंय. २०२१ च्या सुरुवातीला ८१ देशांमधल्या १२ लाखांवर मृत्यूंचा अभ्यास आला. गमावलेली आयुष्याची वर्षं २ कोटी ५ लाख, म्हणजे एका मृत्यूमागे सरासरी १६. आणि त्या वर्षांतला फक्त एक-चतुर्थांश भाग ७५ वर्षांवरच्यांचा. जवळजवळ ४५ टक्के ५५ ते ७५ वयातल्यांचा, ३० टक्के ५५च्या आतल्यांचा.

घोळ होतो तो असा. जन्माच्या वेळचं सरासरी आयुर्मान ७२ असेल तर लोकांना वाटतं, ७४ वर्षांच्या माणसाचा कोटा संपला. पण त्या ७२मध्ये लहानपणी गेलेलेही धरलेले असतात. जो ७४ला पोचला त्याच्यापुढे अजून दहाएक वर्षं सहज असतात.

हिशेबनीस

सहमत, एक पुस्ती जोडतो. आधीच्या आजारांमुळे ती १६ वर्षं काही कमी होतील, हा आक्षेप गणिताच्या अंगाने योग्य आहे. पण मधुमेह किंवा रक्तदाब म्हणजे "वर्ष-दोन वर्षं" नव्हे हो! आम्ही मधुमेह असलेल्या माणसाला थोडा जास्त हप्ता लावून २० वर्षांचा विमा देतो. तो एवढ्यात जाणार असं वाटत असतं तर दिला असता का?

तिसरा_डोळा

हे हप्त्याचं उदाहरण पटलं. वर्ष-दोन वर्षांचं विधान मागे घेतो. छापखान्याचं मागे घेत नाही.

हिशेबनीस

घेऊही नका.

वारूळ

वयावरून किंमत कमी करण्याचा प्रयत्न सरकारी पातळीवरही झाला आहे. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या एका हिशोबात ७० वर्षांवरच्या माणसाचं आयुष्य ३७ टक्के कमी किमतीचं धरलं होतं. २००३ मध्ये ते बाहेर आल्यावर वृद्ध लोक असे खवळले की संस्थेला ते सोडून द्यावं लागलं.

देशादेशांतही हेच. १९९५ च्या हवामान बदलाच्या जागतिक अहवालात श्रीमंत देशातला जीव गरीब देशातल्या जिवाच्या पंधरापट किमतीचा निघाला होता. गरीब देशांनी केवढा वाद घातला तेव्हा! गणिताच्या नियमांप्रमाणे ते "बरोबर"च होतं, कारण ज्याच्याकडे पैसाच कमी तो धोका टाळायला जास्त देणार कुठून?

सांजसावल्या

वारूळ, म्हणूनच केनेथ फाइनबर्ग यांचं उदाहरण मला मोलाचं वाटतं. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यातल्या मृतांच्या घरच्यांना भरपाई वाटायचं काम त्यांच्याकडे होतं. कायदाच असा की मृताचं उत्पन्न बघून रक्कम ठरवायची. अग्निशमन दलातल्या जवानाच्या घरी कमी, मोठ्या पगाराच्या शेअर दलालाच्या घरी जास्त. शेकडो घरांशी स्वतः बोलून त्यांनी ते पार पाडलं, आणि नंतर जाहीरपणे सांगितलं की सगळ्यांना समान रक्कम द्यायला हवी होती.

जुनापुराणा

इतिहासाचा माणूस आहे, थोडं अवांतर चालेल ना?

१३४७ ते १३५१ च्या काळ्या मृत्यूत युरोपातली तिसरा हिस्सा तरी माणसं गेली, काहींच्या मते निम्मी. मागे उरलेल्या शेतमजुरांची मजुरी वाढली. इतकी, की इंग्लंडच्या राजाने १३४९ मध्ये फर्मान काढलं आणि १३५१ मध्ये संसदेने कायदा केला: साथीआधीच्या दरानेच मजुरी घ्यायची, जास्त मागितली तर शिक्षा. तरी मजुरी चढतच गेली. यावरून काहीजण म्हणतात की साथीने अर्थव्यवस्थेचं भलं होतं.

मला हा युक्तिवाद ऐकवत नाही, पण उत्तर द्यायला हवं. जमीन तेवढीच, माणसं निम्मी, म्हणून डोईमागे वाटा वाढला. सगळा खेळ त्या "डोईमागे" शब्दात आहे. ज्यांची डोकी भागाकारातून गेली त्यांना कुणी विचारलं नाही. एखाद्या देशात उद्या सगळे कमी कमावणारे गेले तर दरडोई उत्पन्न वाढलेलंच दिसेल.

शिवाय आज आपण जमिनीवर कमी आणि एकमेकांच्या कौशल्यावर जास्त जगतो. माणूस गेला की मागे वाटून घ्यायला जमीन उरत नाही, त्याचं ज्ञान त्याच्याबरोबर जातं.

रातराणी७

जुनापुराणा यांच्या शेवटच्या वाक्यामुळे लिहायला बसले. मी नर्स आहे, नवजात बालकांच्या विभागात.

आमच्या वरिष्ठ सिस्टर दुसऱ्या लाटेत गेल्या. ५६ वय, निवृत्तीला दोन वर्षं. हिशेबनीस यांच्या सूत्राने दोन वर्षांचा पगार, संपलं. आता त्यांच्याबरोबर काय गेलं ते सांगते. नऊशे ग्रॅमच्या बाळाला सलाइन लावायची असते तेव्हा शीर दिसत नाही. सिस्टर दिवा मालवायला सांगायच्या, तळहाताखाली टॉर्च धरायच्या, आणि करंगळीने चाचपून पहिल्या टोचण्यात सुई घालायच्या. आम्हाला तीन-तीन वेळा टोचावं लागायचं. दोन वर्षांत त्या आम्हा चौघींना शिकवणार होत्या. मी निम्मं शिकले. माझ्या हाताखालच्या मुली माझ्याकडून त्याच्या निम्मं शिकतायत.

इबोलाच्या वेळी हे मोजलं गेलं होतं. मे २०१५ पर्यंत लायबेरियाने आपले ८ टक्के डॉक्टर, नर्स आणि सुईणी गमावल्या, सिएरा लिओनने जवळजवळ ७ टक्के. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी अंदाज काढला की गिनी धरून तीन देशांत यामुळे वर्षाला ४,००० जादा बायका बाळंतपणात दगावतील. इबोलाने नाही, सुईण नसल्याने! कोविडच्या पहिल्या दीड वर्षात जगभरात १ लाख १५ हजार आरोग्य कर्मचारी गेले असावेत असं जागतिक आरोग्य संघटनेने म्हटलंय. मागे कुणाकुणाला तीनदा टोचलं गेलं, ते कुठे लिहिणार?

मेधा_त

रातराणी, डोळे भरून आले. त्या चौघींपैकी तुम्ही अजून तिथे आहात हे वाचून धीर वाटला.

फळा_खडू

शिक्षिका आहे. मुलांबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते.

महामारीत आई, वडील किंवा सांभाळणारे आजी-आजोबा गमावलेल्या मुलांची संख्या मे २०२२ पर्यंत जगभरात १ कोटी ५ लाख असल्याचा अंदाज आहे. आधीच्या एका अंदाजात आढळलं होतं की अशा दर चार मुलांतल्या तिघांनी वडील गमावले. बहुतेक घरांत पगार ज्याचा, मृत्यूही त्याचाच.

माझ्या वर्गातली एक मुलगी, नाव नाही सांगत. प्रगतिपुस्तकावर पालकांची सही हवी असते. सहामाहीला तिच्या पुस्तकावर सही होती, अक्षर ओळखीचं वाटलं. नीट बघितलं तर तिचंच. मी विचारलं, तर म्हणाली, "बाई, आई रात्री अकराला येते, मी तोवर झोपते. सकाळी ती झोपलेली असते." आई दोन ठिकाणी काम करायला लागली होती. मुलगी हुशार, गणितात पहिल्या तिघांत. दहावीनंतर अकरावीला न जाता तिने दुकानात काम धरलं. मी दोनदा घरी गेले. तिच्या आईने माझ्यासमोर महिन्याचा हिशोब मांडला, त्यावर मला काही बोलता आलं नाही.

या मुलीचं नुकसान तिच्या वडिलांच्या उरलेल्या वर्षांत बसत नाही. ते तिच्या पन्नाशीपर्यंत चालणार. १९१८ च्या फ्लूबद्दल डग्लस आल्मंड यांचा २००६ चा अभ्यास आहे. साथीच्या वेळी आईच्या पोटात असलेली अमेरिकेतली मुलं साठ वर्षांनंतरच्या जनगणनेतही वेगळी दिसली: शिक्षण कमी, मिळकत कमी, अपंगत्व जास्त. साथ विसरून गेली होती माणसं, पण ती मुलं चालतीबोलती होती.

जुनापुराणा

फळा_खडू, १९१८ चं काढलंत म्हणून सांगतो. एरवीच्या फ्लूमध्ये मृत्यूंचा आलेख लहान मुलं आणि वृद्ध या दोन टोकांना वर जातो. १९१८ मध्ये मधेही उंचवटा आला, २० ते ४० वयाचा. जगात निदान ५ कोटी माणसं गेली असं मानतात. अमेरिकेत सरासरी आयुर्मान त्या एका वर्षात जवळजवळ १२ वर्षांनी घसरलं. त्या मधल्या वयातले म्हणजे नेमके कमावते आणि नेमके लहान मुलांचे आईबाप. तरी किती पोरं पोरकी झाली याची धड नोंद फार कमी ठिकाणी सापडते.

तिसरा_डोळा

नोंदीवरून एक मुद्दा, या वेळी भांडायला आलेलो नाही. मृत्यूच नोंदला गेला नाही तर किंमत शून्यच ना? जागतिक आरोग्य संघटनेने २०२० आणि २०२१ मिळून १ कोटी ४९ लाख जादा मृत्यूंचा (एरवी झाले असते त्यांहून जास्तीच्या मृत्यूंचा) अंदाज दिला, आणि त्या दोन वर्षांत देशांनी कळवलेले कोविड मृत्यू होते ५४ लाख. मधले ९५ लाख म्हणजे काही चुकीच्या कारणाखाली लिहिलेले, काही उपचार न मिळाल्याने गेलेले, आणि कितीतरी कुठेच न लिहिलेले. त्यांच्या घरच्यांना भरायला फॉर्मसुद्धा नाही.

हिशेबनीस

तिसरा_डोळा, मला वाटतं या चर्चेतला कळीचा मुद्दा हाच. पुढच्या साथीआधी खर्च करायचा की नाही हे ठरताना कागदावर फक्त दिसणारी किंमत येते: लस इतक्याला, ऑक्सिजन प्रकल्प इतक्याला. पलीकडच्या बाजूला जे लिहिलेलंच नाही ते शून्य धरतात. म्हणून माझा आग्रह, मोजा. ओबडधोबड का होईना, मोजा. रातराणी यांच्या सिस्टर, वारूळ यांच्या आई, फळा_खडू यांची विद्यार्थिनी, या तिन्हींसाठी आज माझ्याकडे रकाना नाही. ही उणीव माझ्या शास्त्राची आहे आणि मला ती बोचते.

वारूळ

हिशेबनीस, इतकं स्पष्ट कुणी लिहीत नाही. आभार.

कोरापान

तीन दिवस लिहिलं नाही, सगळं वाचत होतो. वहिनीलाही वाचून दाखवलं. ती रातराणी यांच्या प्रतिसादापाशी थांबली आणि आतून दादाची वही घेऊन आली.

हिशेबनीस यांच्या सांगण्याप्रमाणे तीन वर्षांचे कागद काढले, अर्ज केला. तो एक भाग झाला.

दुसरा भाग असा. मी एक कागद घेऊन दादा गेल्यापासून काय काय घडलं ते नुसतं लिहीत गेलो, किंमत न लावता. वर्कशॉप पाच महिन्यांनी बंद. दोन मुलांपैकी एक डिलिव्हरीच्या कामाला लागला, दुसरा अजून रिवाइंडिंग करतो, दुसऱ्याच्या हाताखाली. वहिनी शिवणकाम करते, रात्री उशिरापर्यंत, चष्म्याचा नंबर दोनदा बदलला. थोरलीला इंजिनिअरिंगला जायचं होतं, तिने तीन वर्षांचा डिप्लोमा घेतला. मी स्वतः दुसऱ्या शहरातली बढती नाकारली, कारण इथून हलता येत नव्हतं. हे शेवटचं मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलासुद्धा नाही. तिने कागदावर वाचलं. वारूळ, तुमच्या बायकोचा राजीनामा वाचला म्हणून मला ते लिहावंसं वाटलं.

आता वहीबद्दल. दादाने अठरा वर्षं प्रत्येक मोटरचा डेटा त्यात लिहिलाय. कुठली मोटर, किती स्लॉट (तारेच्या खाचा), किती टर्न (वेढे), काय गेज (तारेची जाडी). जुन्या, कंपनी बंद पडलेल्या मोटरींचेही. जो मुलगा अजून हे काम करतो तो ती वही मागतोय. पण अर्ध्या खुणा त्याला लागत नाहीत. आकड्यांना गोल केलेत, काहींच्या खाली दोन रेघा आहेत, काही पानांवर कोपऱ्यात नुसतं "मो" लिहिलंय. दादा म्हणायचा, "सांगतो रे निवांत."

तांब्याची_तार

पहिल्यांदाच लिहितोय, एरवी फक्त वाचतो. ३१ वर्षं रिवाइंडिंग करतो.

आमच्यातली बहुतेक माणसं अशीच वही ठेवतात आणि खुणा प्रत्येकाच्या आपापल्या, तरी अंदाज सांगतो. गोल केलेला आकडा बहुधा तारेचं गेज. त्याच ओळीत १-१२, १-१०, १-८ असं लिहिलं असेल तर तो कॉइलचा पिच, म्हणजे कॉइल कुठल्या खाचेतून कुठल्या खाचेत जाते ते, आणि पुढचे तीन आकडे त्या तीन कॉइलचे टर्न. दोन रेघा माझ्या उस्तादांच्या वहीत स्टार्टिंगच्या वाइंडिंगला असायच्या, रनिंगला रेघ नाही. तुमच्या दादांचंही तसंच असेल तर रेघा मारलेल्या ओळीतलं गेज बारीक तारेचं निघेल, म्हणजे आकडा मोठा (तार जितकी बारीक तितका गेजचा आकडा मोठा). तेवढं ताडून बघा.

"मो" चं सांगता येत नाही. जुनी वाइंडिंग मोजून घेतली की दुसऱ्याच्या सांगण्यावरून लिहिली, हा फरक काहीजण नोंदवतात. "मोजली" असेल तर त्या पानांवर डोळे झाकून विश्वास ठेवा.

चार-पाच पानांचे फोटो मला व्यनि करा, वरच्या कोपऱ्यासकट. त्या मुलाला रविवारी फोन करायला सांगा, सकाळी अकरानंतर मी मोकळा असतो. वही हातात घेऊनच बसायला सांगा त्याला, एकेक पान करत जाऊ.

कोरापान

फोटो पाठवले. रेघा आहेत तिथे गेजचा आकडा मोठाच आहे, रेघा असलेल्या तिन्ही पानांवर.